मंगळावर राहिलेला नोकर

कडूबाला पुस्तक वाईट निघाल्याचा राग येत नसे. वाईट पुस्तक कोणाच्याही हातून होऊ शकतं. कापसाचा एखादा गठ्ठासुद्धा ढिला बांधला जातो. त्याचं डोकं फिरायचं ते त्या पुस्तकाच्या मागे लोकांनी लिहून ठेवलेलं वाचून. "पुस्तक बोधप्रद आहे." खाली सही. त्याखाली दुसऱ्याचं, "वरीलप्रमाणेच." खाली सही. पानं न फाडलेली, म्हणजे छापखान्यातून जोडलेली आली तशीच, आणि पुस्तक बोधप्रद!

जालन्याच्या बाजारगल्लीत ज्ञानवर्धक वाचनालय होतं. आत भिंतीवर नियमांचा तक्ता लावलेला होता आणि त्यातला सातवा नियम असा होता, की पुस्तक परत करताना प्रत्येक वाचकाने मागच्या कोऱ्या पानांवर आपला प्रामाणिक अभिप्राय लिहावा. अभिप्राय नसेल तर पुस्तक जमा करून घेतलं जाणार नाही. त्यासाठी पुण्याहून आलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाला आठ कोरी पानं शिवून घेत. हा नियम कोणी आणि का केला हे १९३६ साली कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. कडूबा मात्र तो हुकूम मानून पाळत आला होता.

तो स्टेशनाजवळच्या एका जिनिंग कारखान्यात इंजन ड्रायव्हर होता. जन्म टेंभुर्णीचा. तिथल्या पंतोजींकडे तीन वर्षं बसला, तेवढ्यात त्याचं मोडी अक्षर असं वळलं की हात कागदावरून उचलायचाच नाही. पुढे पोट भरायला जालन्यात आला, आधी फायरमन झाला, मग ड्रायव्हर. दसऱ्यापासून होळीपर्यंत कारखान्याचा हंगाम. तेव्हा मान वर करायला फुरसत नसे. होळीनंतर कापूस संपला की बॉयलर थंड करायचा, आत धरलेली क्षारांची खपली खरवडायची, सांधे तपासायचे. ते काम सकाळी उरकलं की दुपार मोकळी. त्या दुपारी तो वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्यानं वाची आणि त्याची बायको साळूबाई समोर चिंचा फोडत ऐके. साळूबाईला अक्षर येत नव्हतं. पण कोणत्या धड्यात कोण काय बोललं हे तिला असं पाठ असे, की कडूबाचंच एखादं पान चुकून उलटलं गेलं तर ती बत्ता थांबवून म्हणे, "मधलं राहिलं."

कडूबाचे अभिप्राय आखूड नसत. ऐतिहासिक कादंबरीबद्दल त्याने लिहिलं होतं, "या पुस्तकात घोडे एकशे ऐंशी पानं पळतात. त्यांना कुठेही चंदी दिल्याचं किंवा पाणी पाजल्याचं लिहिलेलं नाही. लेखकाने घोडा बाळगलेला दिसत नाही." रहस्यकथेबद्दल लिहिलं होतं, "मी वाचलेल्या सात पुस्तकांत खुनी पठाण निघाला. आता पठाण दिसला की वाचणाऱ्याला आधीच कळतं. मग रहस्य कशाचं? शिवाय हे सातही पठाण लेखकांना कुठे भेटले?" आणि सामाजिक कादंबरीबद्दल, "नायिकेला क्षय झाला. मागच्या पुस्तकातल्या नायिकेलाही झाला होता. बाई शहाणी निघाली की तिला खोकला लावायचा, हा अन्याय आहे."

शास्त्रीय कादंबऱ्या त्याला सर्वांत जास्त आवडत, म्हणून त्याचा सर्वांत जास्त राग त्यांच्यावरच. त्याचं म्हणणं सरळ होतं. अशा पुस्तकात लेखकाला एक थाप माफ. माणूस आकाशात उडाला म्हण, अदृश्य झाला म्हण, हजार वर्षं झोपला म्हण. ती थाप वाचणारा आनंदानं गिळतो. पण त्यापुढे लेखकाने त्या थापेशी इमान राखलं पाहिजे. अदृश्य माणसाला थंडी वाजली पाहिजे. हजार वर्षं झोपलेला उठला तर त्याला भूक लागली पाहिजे आणि त्याची भाषा लोकांना कळता कामा नये. जो लेखक एका थापेवर भागवत नाही आणि अडचण आली की दुसरी मारतो, तो वाचणाऱ्याला बावळट समजतो. कडूबाला बावळट समजलेलं बिलकुल खपत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वाचनालयाचे अध्यक्ष काकासाहेब वकील यांनी स्वतः कादंबरी लिहिली. पुण्यात स्वखर्चाने छापून घेतली. नाव 'मंगळाची सनद'. पहिली प्रत वाचनालयाला भेट मिळाली आणि चिटणीस धर्मराज याने ती सर्वांत आधी कडूबाच्या हाती ठेवली. धर्मराज तहसील कचेरीत कारकून होता, वयाने तिशीचा, स्वभावाने अदबशीर.

"कडूबाभाऊ, तुम्ही शास्त्रीय पुस्तकांचे शौकीन. मनापासून लिहा बरं का."

"लिव्हतो की," कडूबा म्हणाला. "मनापासूनच लिव्हतो."

पुस्तकातला नायक विक्रमसेन वाफेच्या विमानात बसून तेरा दिवसांत मंगळावर जातो, तिथल्या राजाकडून सनद आणतो आणि परत येतो. कडूबाने वाचायला सुरुवात केली तेव्हा कारखान्यातला फायरमन ख्वाजामियाँही येऊन बसला होता. वीस वर्षं कोळसा टाकून त्याच्या भुवया विरळ झाल्या होत्या. पुस्तकात बॉयलर आहे म्हटल्यावर त्याला उत्सुकता होती.

चाळिसाव्या पानावर कडूबा थांबला. "तेरा दिवस बॉयलर चालू. पाणी किती घेतलं म्हाईत आहे का? दोन घागरी."

"दो घागर?" ख्वाजामियाँ म्हणाला. "दो घागर में तो मेरी चाय नहीं होती, भाई."

"पुढं ऐक. विक्रमसेन इंजनापाशी उभा राहून पृथ्वीकडं बघतो. त्याच्या शुभ्र धोतराची किनार झळकून राह्यली."

साळूबाईने त्याच्या अंगावरच्या तेलकट बंडीकडे एक नजर टाकली आणि चिंच फोडली. "मंग त्यो कोळसा कोण टाकतोय?"

"एक नोकर आहे."

"नाव काय त्याचं?"

कडूबाने मागची पानं चाळली. नाव नव्हतं. 'एक नोकर कोळसा टाकीत होता' एवढं एकच वाक्य होतं. पुढे विमान मंगळावर उतरलं, विक्रमसेन राजवाड्यात गेला, राजकन्येशी संस्कृतात बोलला, सनद घेतली. परत निघाला. पृथ्वीवर हत्तीवरून मिरवणूक निघाली, पेढे वाटले, पुस्तक संपलं.

"आन् नोकर?" साळूबाईने विचारलं.

कडूबाने शेवटचे तीन धडे पुन्हा पाहिले. नोकराचा उल्लेख कुठेच नव्हता. तो मंगळावर उतरला होता की विमानातच बसला होता, परत आला की नाही, काहीच नाही.

ख्वाजामियाँ आतापर्यंत हसत होता. त्याने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. "मतलब हमारा आदमी वहींच रह गया?"

"वहींच."

"तेरा दिवस कोळसा टाकला त्यानं," ख्वाजामियाँ म्हणाला. "अन् परतीचा कोळसा कोणी टाकला मग? याच्या बापानं?"

कडूबाने त्या दिवशी चार पानं लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक जमा केलं. पाण्याचं लिहिलं, धोतराचं लिहिलं, राजकन्येच्या संस्कृताचं लिहिलं. आणि अडीच पानं त्याने नोकराबद्दल लिहिली. राग आवरून, नीट ओळीत, एकही शिवी न देता.

चौथ्या दिवशी धर्मराज स्वतः कारखान्यात आला. वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. काकासाहेबांच्या पुस्तकाचा सत्कार ठेवला होता आणि त्यात सामान्य वाचकाचा अभिप्राय वाचायचा होता. निजामाच्या राज्यात दहा माणसं जमवायची तर कचेरीची परवानगी लागे आणि कोण काय बोलणार त्याची यादी आधी द्यावी लागे. त्या यादीत त्याने चौथं नाव घातलं होतं, 'कडूबा इंजन ड्रायव्हर, अभिप्रायवाचन.' परवानगी शिक्का होऊन आली होती.

कडूबाला बरं वाटलं. इतकी वर्षं एका गोष्टीचा सल त्याला होता. आपण एवढं कळकळीनं लिहितो आणि समिती दर वर्षी पुन्हा तीच क्षयाची आणि पठाणाची पुस्तकं मागवते. आता अक्कल आली असेल, असं त्याला वाटलं.

"पण मीच कशाला वाचू?" तो म्हणाला. "तुमीच वाचा. तुमचा आवाज खणखणीत आहे."

"अहो, मोडी आम्हाला कुठं येतं?" धर्मराज सहज बोलून गेला. "आमची सगळी शाळा उर्दूतली. मराठीतलं छापील बाळबोध तेवढं घरी शिकलो."

कडूबाच्या हातातला पाना तसाच राहिला. "समितीत कोणाला येतं?"

"काकासाहेबांना थोडं येतं, पण ते कशाला वाचतील? मी सांगितलं त्यांना, चार पानं भरून लिहिलंय म्हणून. खूश झाले."

"मंग ह्या अकरा वर्षांत मी जे लिव्हलं ते?"

धर्मराजला प्रश्नाचा रोख कळला नाही. "पानं भरलेली दिसायची की. माणूस मनापासून लिहितोय एवढं कळायचं."

अकरा वर्षं. कडूबाने तिथेच मनाशी हिशेब केला, हंगामाबाहेरचे सात महिने, आठवड्याला दोन पुस्तकं. सहाशेच्या वर अभिप्राय, आणि त्यातला एकही कोणाच्या डोळ्याखालून गेला नव्हता. 'वरीलप्रमाणेच' लिहिणाऱ्यांनी वरचं वाचलंसुद्धा नव्हतं. कित्येकांनी तर त्याच्याच अभिप्रायाखाली 'वरीलप्रमाणेच' लिहून सही केली होती.

समारंभाला सत्तरेक माणसं होती. पहिल्या रांगेत काकासाहेब, डोक्याला जरीचा रुमाल बांधून. दाराशी पोलिसांचा जमादार यादी घेऊन खुर्चीवर. तीन भाषणं झाली, तिन्हीत पुस्तक बोधप्रद निघालं. मग कडूबा उभा राहिला आणि लिहिलं होतं ते लिहिलं तसं वाचू लागला.

दोन घागरींपाशी लोक हसले. धोतरापाशी पुन्हा हसले. काकासाहेबांनीही ओठ ताणले. पण नोकराचा भाग सुरू झाला तसा हशा बंद झाला. "लेखक वकील आहेत," कडूबा वाचत होता. "एखादा माणूस कामावर नेला आणि परत आणला नाही, तर कोर्टात त्याची विचारणा होते. पुस्तकात होत नाही म्हणून लेखकाने त्याला सोडून यावं का? त्याची बायको कुठेतरी वाट पाहत असेल. मिरवणुकीतल्या हत्तीचं नाव दिलं आहे. नोकराचं दिलेलं नाही."

"पुरे!" काकासाहेब उठले. "धर्मराज, बसवा यांना."

जमादाराने यादीवर बोट ठेवलं. त्याला मराठी बेताचंच कळत होतं, पण कागद कळत होता. "वकीलसाब, चौथा नाम है. मंजूर है. अधूरा छोडेंगे तो मुझे रिपोर्ट लिखनी पडेगी के कार्यक्रम मंजुरी के मुताबिक नहीं हुवा."

तेव्हा काकासाहेबांना बसावं लागलं आणि उरलेलं दीड पान पूर्ण ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी समितीने कडूबाचं सभासदपत्र रद्द केलं. घरी असलेलं पुस्तकही धर्मराज येऊन घेऊन गेला. जाताना उंबऱ्याशी घुटमळला. "काकासाहेब म्हणतात, ती चार पानं तुम्ही तुमच्या हातानं फाडा. मग पुन्हा पत्र देतील. आम्ही फाडली तर बरं दिसत नाही."

"नियम तुमचाच," कडूबा म्हणाला. "प्रामाणिक लिहा म्हणला. लिव्हलं. आता प्रामाणिकपणानं फाडू?"

"भाऊ, एक पुस्तक ते काय. जाऊ द्या ना."

"तुमी वाचलं का ते मंगळाचं?"

धर्मराजने मान खाली घातली. "अर्धं."

कडूबाने पानं फाडली नाहीत. पण पुस्तकाविना दुपार कशी असते, हे त्याला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. बॉयलरची खपली काढून घरी यावं आणि भिंतीला टेकून बसावं. जालन्यात मराठी पुस्तक मिळण्याची दुसरी जागा नव्हती, आणि विकत घ्यावं एवढा पगार नव्हता. त्यात धर्मराजने नेलेल्या पुस्तकाचं वाचन अर्ध्यात तुटलं होतं. त्यातली शेवंता सासरच्या जाचाला कंटाळून, तान्हं लेकरू काखेत घेऊन, दवाखान्यात नर्सचं काम शिकायला निघाली होती. पान एकशे बारा. गाडी उभी आहे, शिट्टी झाली आहे आणि नवरा धावत फलाटावर आला आहे.

"पुढं काय झालं?" साळूबाईने पहिल्या आठवड्यात विचारलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं. तिसऱ्या आठवड्यात तिने चिंचेचं टोपलं बाजूला सारलं. "बसली का न्हाई ती गाडीत? जीव लागून राह्यलाय माझा."

कडूबाला तिची कीव आली. "पुस्तक नेलं, पण पुढची पानं म्या आधीच चाळल्ती," तो म्हणाला आणि सांगू लागला. नवऱ्याने हात जोडले. मी चुकलो म्हणाला. शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती डब्यातून उतरली, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि दोघं हातात हात घालून घरी गेली.

साळूबाईने विचारलं, "आन् लेकरू?"

"कोणतं लेकरू?"

"तिच्या काखेत व्हतं ते! हातात हात घालून गेले म्हणता, मंग लेकरू डब्यातच राहिलं का? गाडी तर सुटली."

कडूबाने बाजूला सारलेलं चिंचेचं टोपलं जवळ ओढलं. साळूबाईचं अजून संपलं नव्हतं.

"आन् ज्या माणसानं दुसऱ्या धड्यात तिच्या पाटल्या इकून जुगार खेळला, त्यो फलाटावर हात जोडतो? त्यो आल्ता तिचं गाठोडं हिसकायला. वकिलाच्या नोकरापायी चार पानं लिव्हली तुमी, आन् शेवंताचं लेकरू गाडीत टाकून आले! चाळलं-बिळलं काही न्हाई. तुमच्या मनचं आहे हे सगळं."

"माझ्याच मनचं आहे," कडूबाने कबूल केलं. मग म्हणाला, "सोपं न्हाई गं लिव्हणं. ध्यान राहत न्हाई सगळ्यांचं."

"मंग तसं सांगा वकिलाला."

"सांगतो. खोटं कशाला बोलू? पण नोकर तिथंच राहिलाय, हे पण खरं आहे."

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात गेला. साळूबाई डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागे. कडूबाने धर्मराजला सांगितलं, की पाचवं पान लिहून देतो. लिहिणं फार अवघड काम आहे, ते न करता मी बोललो, काकासाहेबांनी कष्ट घेतले याचा मान आहे, असं सगळं लिहितो. आधीची चार तशीच राहतील.

धर्मराज आत जाऊन आला. काकासाहेब आतल्या खोलीतच होते. "चार फाडा, मग पाचवं लिहा म्हणतात."

"मंग ऱ्हाऊ द्या," कडूबा म्हणाला आणि वळला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो थांबला नाही.

साळूबाई मात्र तक्त्यासमोर उभी होती. अक्षर येत नसल्याने तिने सरळ विचारलं, "साहेब, बायांला वर्गणी किती हाये?"

धर्मराज गोंधळला. "बायांना? माफ आहे. नववा नियम. स्त्री सभासदांस वर्गणी नाही."

"किती बाया हायेत?"

"अजून... कोणी नाही."

"मंग माझं नाव घाला."

"पण मावशी, तुम्हाला वाचता कुठं येतं?"

"वाचता आलं पायजे, असं लिव्हलंय का तिथं? बघा बरं."

धर्मराजने तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चालचलन चांगलं हवं, वय अठराच्या वर हवं, पुस्तक भिजवू नये. वाचता येण्याचं कुठेच नव्हतं. त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. आतून काकासाहेब काही बोलले नाहीत. दर वर्षीच्या अहवालात 'स्त्री सभासद' या रकान्यात शून्य लिहिताना त्यांनाच लाज वाटत आली होती. धर्मराजने नोंदवही उघडली आणि साळूबाईचं नाव लिहिलं. तिने अंगठा उठवला आणि शेवंताचं पुस्तक मागून घेतलं.

शेवंता गाडीत बसली होती. नवऱ्याने गाठोडं ओढलं, तिने सोडून दिलं, लेकरू सोडलं नाही. पण पुढे पान दोनशे चारवर, परीक्षेच्या आदल्या दिवशी, तिला खोकला आला.

आठवडाभराने साळूबाई पुस्तक परत करायला आली. या वेळी कडूबा बाहेर ओट्यावरच थांबला. तिने पुस्तक मेजावर ठेवलं आणि म्हणाली, "सातवा नियम. माझं लिव्हून घ्या. मला अक्षर येत न्हाई, तुमाला लिव्हावं लागंल. आन् ते साधं अक्षर काढा, सगळ्यांला वाचता यील असं."

धर्मराजने टाक दौतीत बुडवला. "बोला, मावशी. पुस्तक बोधप्रद..."

"कोण म्हणलं? लिव्हा. ही बाई गाडीत बसली, तिथवर लिव्हणारा खरा माणूस व्हता. मंग त्याला तिची भीती वाटली. भीती वाटली म्हणून त्यानं तिला मारली."

टाक थांबला. "मावशी, मारली असं कसं लिहू? तिला रोग झाला ना."

"रोग कोणी धाडला? त्यानंच ना? मारलीच म्हणते मी. लिव्हा, मारली."

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धर्मराजने क्षणभर तिकडे कान दिला, मग बाळबोध, ठळक अक्षरात लिहिलं, 'मारली', आणि त्याखाली साळूबाईचा अंगठा घेतला. पुस्तक जमा झालं.

"आता कोणतं देऊ?"

साळूबाईने पदर सावरला. "ते मंगळाचं द्या. म्या ऐकलंय सगळं, पण त्याच्यात माझं लिव्हायचं राहिलंय."